सिस्टीम बदलताना वाजलेला माग

भूत, आत्मा, नजर, वास्तू... यातलं मी काहीच मानत नाही, आणि हे वाचून झाल्यावर कुणी मला मानायला लावायच्या भानगडीत पडू नये. या ग्रुपवरच्या गोष्टी माझी सून ज्योती मला दुपारी वाचून दाखवते. हायवेवरची बाई, विहिरीतला हात, बंद खोलीतले पैंजण. मी भाजी निवडता निवडता ऐकते आणि म्हणते, या लोकांना काही कामधंदा नाही. आता मीच सांगायला बसले आहे. मी बोलते आहे आणि ज्योती टाइप करते आहे. मी चौथी शिकलेली. चुका तिच्या, राग माझा.

आम्ही नागपूरला, हुडकेश्वरला राहतो. तीन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार आहे, तिथे ज्योतीचं ऑनलाइन कामाचं सेंटर आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, लाइटचं बिल, पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्म, असं सगळं. माझा मुलगा प्रकाश बुटीबोरीला एका कंपनीत होता. मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून घरीच असतो, कमरेला पट्टा बांधून. घर त्या समोरच्या खोलीवर चालतं. हे आधीच नीट समजून घ्या, कारण लोक आत्म्याबित्म्याबद्दल बोलायला लागले की ही गोष्ट विसरतात. माझ्या घरचे तर सगळ्यात आधी विसरले.

त्या खोलीतला कंप्युटर माझ्या नवऱ्याचा. आम्ही कोष्टी. लग्न झालं तेव्हा आमचं घर इतवारीच्या मागच्या आळीत होतं आणि घरात खड्ड्याचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावडी दाबायची, हाताने धोटा टाकायचा, मग फणी ओढून सूत ठोकून बसवायचं. करवती काठाची साडी निघायची त्यावर. काठाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून करवती. नवऱ्याला पुढे दम लागायला लागला तेव्हा माग मोडला. चांगली लाकडं कुणी कुणी मागून नेली, उरलेली मी अंघोळीचं पाणी तापवायला जाळली. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला नाही वाटलं. लाकूड वाळलेलं होतं, छान जळलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आम्ही हुडकेश्वरला आल्यावर, म्हातारा विणकरांच्या कुठल्याशा ट्रेनिंगला गेला आणि कंप्युटरवर काठ काढायला शिकला. सेकंडहँड डबा घेऊन आला. दिवसभर बारीक बारीक चौकटी भरायचा, काठ तयार झाला की कागदावर छापायचा आणि राहिलेल्या चार विणकरांना द्यायचा. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, नजर स्क्रीनवर. धूळ पुसायलाही कुणी हात लावलेला चालायचा नाही. ज्योतीने तेव्हाच म्हटलं होतं, बाबा, नवीन सिस्टीम टाकून घेऊ. तर म्हणाला, "चालू हाय न? मंग कायले हात लावता?" जन्मभर त्याचं एकच, आहे ते राहू द्या. पॉवरलूम आले तेव्हाही हेच म्हणाला होता.

तो वारला. कंप्युटर राहिला. त्यावर ज्योतीने सेंटर सुरू केलं आणि चांगलं चाललं.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, ज्योतीला वरून मेसेज आला. तुमची विंडोज जुनी आहे, सेव्हन, यावर आता पोर्टल उघडणार नाही, महिनाअखेरपर्यंत बदला नाहीतर आयडी बंद. नवा कंप्युटर घ्यायची आमची ऐपत नव्हती. जरीपटक्याचा मनोहर नावाचा एक कंप्युटर दुरुस्त करणारा आहे, साधा माणूस, त्याला बोलावलं. त्याने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, टेन टाकून देतो, इलेव्हन या म्हाताऱ्याला झेपायची नाही. फक्त एक अडचण आहे. डिस्क लहान आहे, सगळी पुसावी लागेल. काठाचं सॉफ्टवेअर जुन्यावरच चालतं, त्याची सीडी घरात कुठे सापडली नाही. काढलेले काठ पेनड्राइव्हवर घेता येतील, पण घेऊन उघडणार कशात?

तर प्रश्न एवढाच होता. सिस्टीम बदलायची तर म्हाताऱ्याचे काठ जातात. नाही बदलायची तर ज्योतीचं काम जातं.

"आई, तूच सांग आता हिले," प्रकाश म्हणाला. "बाबानं जिंदगी घातली त्या काठात."

"आन मी काय घातलं गा? हळद?"

"तसं नाई म्हणून राहिलो मी. पण बाबाचं एवढंच त उरलं हाय."

"बाबाचं तू उरला हायेस. तेवढं पुरे झालं."

ज्योती दारात उभी होती. ती फार बोलत नाही, पण बोलली की सरळ बोलते. "माझं काई म्हणणं नाई. तुमी मायलेक ठरवा. पण आयडी बंद झाला त दळण कशावर आणाचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा जी."

मी म्हटलं, टाका नवी. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाला दळण लागत नाही.

आता पुढचं नीट ऐका. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, लाइट गेली नव्हती. एप्रिलची दुपार होती, बाहेर डांबर पघळत होतं, खिडकीत कूलर चालू होता. मनोहर खुर्चीवर, ज्योती त्याच्या बाजूला, मी दाराशी पाटावर बसून लसूण सोलत होते. मनोहरने पेनड्राइव्ह लावला, काहीबाही विचारलं त्याची उत्तरं दिली, आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं. स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागलं.

आणि खालच्या डब्यातून आवाज आला.

खट्... धप-धप. खट्... धप-धप.

मनोहर म्हणाला, "कूलरची मोटर वाजून राहिली का?" ज्योतीने कूलर बंद केला. कूलर बंद झाल्यावर खोली एकदम तापली आणि आवाज आणखी स्पष्ट झाला. खट्... धप-धप. माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. मागाचा आवाज मी विसरणार नाही, माझी अर्धी जिंदगी त्यात गेली आहे. पण तेव्हा मनात म्हटलं, जुना डबा आहे, वाजत असेल काहीतरी.

मनोहरनेही तेच म्हटलं. डिस्क मरायला आली की टकटक करते म्हणे. त्याने रद्दचं बटण दाबलं. आवाज थांबला. पुन्हा इन्स्टॉल दाबलं. पुन्हा आवाज. मग त्याने झाकण काढलं आणि डिस्कची वायरच उपसली. नुसत्या पेनड्राइव्हवर सुरू करून बटण दाबलं. स्क्रीनवर आलं की डिस्क सापडत नाही... आणि खालून, खट्, धप-धप. त्याने पंख्याच्या पात्यावर बोट ठेवून पंखा थांबवला. खट्, धप-धप. मनोहरने बोट काढून घेतलं आणि ते बोट शर्टाला पुसलं, काही लागल्यासारखं.

एवढ्यात आतल्या खोलीतून प्रकाश आला. बनियनवर, पट्टा धरून, दाराच्या चौकटीला टेकून. "थांबवा," म्हणाला. "मनोहरभाऊ, थांबवा ते."

"काहून गा?" मी विचारलं.

"आई, तुले ऐकू येऊन नाई राहिलं? माग हाय तो! बाबा नाई म्हणून राहिले."

मनोहरने वायर पुन्हा जोडली, झाकण लावलं, पिशवी आवरली. "भाभीले मी सगळं दाखवलं हाय," तो म्हणाला, "पेनड्राइव्ह राहू द्या तुमच्याकडे, मी संध्याकाळी येतो." तो कुठला येतो! त्यानंतर त्याने आमचा फोनही उचलला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याला डबा दुरुस्त करायला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशने नामदेवरावांना आणलं. नामदेवराव म्हणजे आमचे जुन्या आळीतले शेजारी, तेही विणकर, त्यांच्या आमच्या घराची भिंत एक. आता कानाला कमी ऐकू येतं, पण ऐकायची हौस मोठी. प्रकाशने त्यांना डब्याजवळ स्टुलावर बसवलं आणि ज्योतीला बटण दाबायला लावलं. आवाज सुरू झाला. नामदेवरावांनी डोळे मिटले. मान हलवली. मग डोळ्यांतून पाणी काढलं.

"त्याचाच हात," म्हणाले. "अख्ख्या आळीत असा ठोका दुसऱ्या कोनाचा नव्हता. भिंतीपलीकडून दुपार-दुपार ऐकलेला हाय मी. आपल्या कामावर किती जीव होता पाह्य त्या मानसाचा! मेल्यावरही मागावरून उठला नाई."

"चहा घेता का?" मी म्हटलं. अंगाची आग आग होत होती, कशाने ते मलाही कळत नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून समोरच्या खोलीचं देऊळ झालं. प्रकाशने डब्याला हार घातला. उदबत्ती लावली, तिची राख कीबोर्डात. कुणीतरी सांगितलं म्हणून माउसच्या वायरीला लिंबू-मिरची बांधली. जातीच्या दाखल्याला आलेल्या एका बाईने डब्याच्या पाया पडून नातवाला पास करा म्हणून सांगितलं. ज्योती फॉर्म भरायला बसली की मागे दोघं-तिघं उभे राहून डब्याकडे पाहत. काम बसलं. आणि महिनाअखेर जवळ येत होती.

एका रात्री जेवताना ज्योती एकच वाक्य बोलली. "कालपासून पोर्टल उघडताना लाल पट्टी येऊन राहिली, म्हणते दिवस कमी उरले."

प्रकाश भाकरीकडे पाहून म्हणाला, "बाबाच्या मनाविरुद्ध या घरात काही होनार नाई."

"बाबा होता तवा माझ्या मनासारखं काय झालं रे?" मी म्हटलं. "एक सांग. एक गोष्ट सांग."

"आई, तू त बाबा गेल्यापासून त्याच्यावर चिडूनच असते."

"गेल्यापासून नाई. आधीपासून."

ज्योतीला हसू आलं, तिने तोंड पदरात लपवलं. प्रकाश ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नामदेवरावांना घेऊन उमरेडला गेला, तिथे कुणी जाणता आहे म्हणे, त्याला विचारायला. पट्टा बांधून एसटीने गेला. कंपनीत परत घ्या म्हणून विचारायला याला बुटीबोरीपर्यंत जाववत नाही.

तो गेल्यावर मी ज्योतीला म्हटलं, दार लाव रस्त्याकडचं. हार काढ. सुरू कर ते.

"आई, पक्कं?"

"कर म्हटलं न."

तिने केलं. गोल फिरायला लागलं आणि आवाज सुरू झाला. मी पाट ओढून डब्याच्या अगदी समोर बसले आणि तोंड उघडलं. चाळीस वर्षं पोटात होतं ते त्या दुपारी बाहेर काढलं. सगळं इथे लिहीत नाही, ज्योती टाइप करताना लाजते आहे. पण थोडक्यात असं. म्हटलं, उठा आता. जित्तेपणी कुणाला ठरवू दिलं नाहीत. पॉवरलूम आला तेव्हा सगळी आळी पुढे गेली, तुम्ही खड्ड्यात बसून राहिलात आणि आम्हाला बसवलंत. पोराचं शिक्षण अर्धवट राहिलं. मी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या आणि तुम्ही बाहेर सांगायचात, बायकोला स्वयंपाकाची आवड आहे. आता ही पोर घर चालवते आहे तर तिच्याही आड येता? उठा! हार घालून घेता? लाज नाही वाटत?

आवाज चालूच. खट्... धप-धप.

मी श्वास घ्यायला थांबले. आणि थांबले तेव्हा पहिल्यांदा मी तो आवाज नीट ऐकला. इतके दिवस मी रागात होते, नाहीतर लोकांचं बोलणं ऐकत होते. आवाज ऐकलाच नव्हता.

"आई," ज्योती म्हणाली, "मधी मधी किर्र किर्र काय वाजते? तुमाले येऊन राहिलं का ऐकू? फणीचा आवाज हाय का तो?"

होतं. खट्, धप-धप... आणि मग हलकं, लांब, किर्र. काही वेळ नाही, मग पुन्हा किर्र.

ज्योती म्हणते माझा चेहरा पांढरा पडला. पडला असेल. मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात हवेत होता आणि आवाजाबरोबर मागेपुढे होत होता. दोनदा ओढत होता. धप-धप.

इथे एक सांगावं लागेल. माझा नवरा फणी एकदाच ओढायचा. ताकदीचा माणूस होता, त्याचा एकच ठोका पडायचा, दणदणीत. दोनदा ठोकायची ती मी. माझ्या हातात तेवढा जोर नव्हता, एका ठोक्यात सूत बसायचं नाही, म्हणून दोन हलके. त्याला दम लागायला लागला ते लोकांना खूप पुढे कळलं. घरात आधीपासून होतं. सकाळी तो बसायचा. दुपारी तो आतल्या खोलीत पडून राहायचा आणि मागावर मी. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं नाही, इतवारीतल्या व्यापाऱ्याला तर नाहीच. बाई मागावर बसते म्हटलं की माल हलका समजतील, असं त्याचं म्हणणं. साडी त्याच्या नावाने जायची. काठ पाहून लोक म्हणायचे, काय हात आहे! तो मान खाली घालून हसायचा. मी आत धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असायची.

आणि किर्र? मागाच्या वरच्या आडव्या बल्लीला मी झोळी बांधलेली होती. पावडी दाबता दाबता पोरगं रडलं की डाव्या हाताने दोरीला झोका द्यायचा. बल्ली वाळलेली होती, दोरी करकरायची. माझ्या नवऱ्याने जन्मात झोळी हलवली नाही. त्याला झोळीची दोरी कुठे बांधलेली आहे हेही सांगता आलं नसतं.

तो आवाज त्याचा नव्हता. माझा होता.

मी ज्योतीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग डब्याकडे. "पण आई... तुमी त इथं हाय."

"हो न वं. मी त इथं हाय."

आता ज्यांना या गोष्टींची उत्तरं सुचतात त्यांनी मला हे सांगावं. हा डबा घरात आला तेव्हा माग जळून कितीतरी वर्षं झाली होती. आमच्या घरात तेव्हा आवाज टेप करायचं काहीच नव्हतं, रेडिओसुद्धा नव्हता. माझे ठोके ऐकलेली माणसं तीन. एक मेला. एक नामदेवराव, त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले. एक झोळीत होता. आणि मी जिवंत आहे, दोन वेळा जेवते, गुडघ्याला तेल लावते. जिवंत बाईचं भूत मी तरी कुठे ऐकलं नाही.

ज्योतीचं बोट बटणावर थांबलेलं. "डिस्क पुसू का" असं विचारून स्क्रीन थांबली होती, आवाज मात्र चालू होता. ती म्हणाली, "आई, पुसलं त हेही जाईल का जी? मंग... राहू देऊ का? करू आपन काहीतरी. मी दुसरीकडे कुठं काम पाहीन."

खरं सांगते, माझ्या मनात क्षणभर आलं, राहू दे. कुणीतरी कुठेतरी माझा हात ठेवून घेतला होता आणि मी तो पहिल्यांदा बाहेरून ऐकत होते. बरा हात होता. सूत कुठे तुटत नव्हतं. मी असं विणत होते हे मला माहीतच नव्हतं, कारण विणताना ऐकायला वेळ कुणाला होता?

मग डोकं ठिकाणावर आलं. त्या आवाजाने कुणाचं दळण येणार होतं? आणि इतके दिवस सगळे म्हणत होते ना, ज्याचा माग त्याची परवानगी पाहिजे? ठीक. माग चालवणारी समोर बसली होती.

"पुस," मी म्हटलं. "ज्याचा हात हाय त्याले इचाराचं होतं न तुमाले? मी हो म्हणून राहिली. पुस."

ज्योतीने दाबलं. आवाज थांबला नाही. स्क्रीनवर आकडा हळूहळू चढत होता आणि खाली माग चालू होता, झोळी करकरत होती. आम्ही दोघी बसून राहिलो. कूलर लावायचंही सुचलं नाही. माझा घाम गळत होता. मग मध्येच, ठोका अर्धा असताना — एक धप पडलं आणि दुसरं पडलंच नाही — आवाज बंद झाला. दूध उतू गेल्याचा वास आला की मी मागावरून असंच उठायची.

नंतर स्क्रीन निळी झाली, काय काय विचारत राहिली. नाव विचारलं. ज्योती म्हणाली, कोणाचं टाकू? मी म्हटलं, तुझं टाक, काम तू करतेस. पोर्टल उघडलं. लाल पट्टी गेली. तिने तिथल्या तिथे बाहेर ताटकळणाऱ्या एका माणसाचा उत्पन्नाचा दाखला काढून दिला. आवाज परत कधी आला नाही. म्हाताऱ्याचे काठ गेले. ज्योतीने आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेत म्हणे, तो कपाटात पडला आहे, पण काठ कशातच उघडत नाहीत.

संध्याकाळी प्रकाश आला. हातात नारळ, अंगारा, आणि जाणत्याने सांगितलेला काहीतरी मोठा कारभार. आत येऊन पाहतो तर नवी सिस्टीम. आधी तोंड उघडं राहिलं. मग त्याने नारळ कपाळाला लावला आणि मोठ्याने म्हणाला, "पाहिलं? बाबानं परवानगी देली!"

मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. एक ठोका, दोन ठोके, झोळी, दोरी. तू झोळीत होतास, म्हटलं. त्याने सगळं ऐकलं. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आई, ऊन लागलं असन तुले. भास झाला."

"तुले बापाचा आवाज आला तो भास नव्हता?"

"तो सगळ्यायनं ऐकला न. नामदेवराव कशाले खोटं बोलतीन?"

ज्योती म्हणाली, "किर्र मी पन ऐकलं." त्यावर त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नामदेवरावांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, "वहिनी, राग नका मानू, पण बाईमानसाचा हात असा बसत नाई मागावर." भिंतीपलीकडून दुपार-दुपार ऐकून हे बोलतो हा माणूस.

आजही आमच्याकडे कुणी आलं की प्रकाश ती गोष्ट सांगतो. बाबांचा माग कसा वाजला, बाबा कसे अडून बसले, उमरेडच्या जाणत्याच्या शब्दाला मान देऊन कसे उठले. कंप्युटरवर बाबाचा फोटो लावायचा म्हणत होता. खिळा ठोकायला घेतला तेव्हा मी हातोडी काढून घेतली.

मला अजून काही कळलेलं नाही. कळावं म्हणूनच इथे सांगते आहे. इथे अनुभवी लोक आहेत म्हणतात. जिवंत बाईच्या हाताचा आवाज, तोही जळून गेलेल्या मागाचा, लोखंडाच्या डब्यात कसा शिरला आणि सिस्टीम बदलायला घेतल्यावरच का वाजला, हे कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. ज्योती वाचून दाखवेल. फक्त उत्तर "तुमच्या मिस्टरांची..." असं सुरू झालं, तर तिथून पुढे वाचू नकोस, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.